सहा, सहा, सात

शनिवार, ४ ऑक्टोबर

सरांनी सांगितलं म्हणून हे लिहिते आहे. त्यांचं म्हणणं, आकडे मशीन लिहून ठेवतं, पण त्या दिवशी आपल्याला काय वाटलं होतं ते कुणीच लिहीत नाही, आणि पुढे आपण ते सोयीप्रमाणे विसरतो. तर आज मला घाबरल्यासारखं झालं. आनंद नंतर झाला.

आमची रेडिओ दुर्बिणीची डिश विद्यापीठात, आमच्या विभागामागच्या टेकडीवर आहे. सोमवार ते शुक्रवार ती पदवीच्या मुलांच्या प्रॅक्टिकलला जाते, शनिवार-रविवार आमच्या वाट्याला येते. आमच्या म्हणजे सरांच्या आणि माझ्या. आकाशात कुणी बोलतंय का ते ऐकायचं, हे एकच काम सर चाळीस वर्षं करत आलेत. लोक त्याला परग्रहावरची माणसं शोधणं म्हणतात. माझा दादा 'तुझे पाहुणे' म्हणतो. या पाहुण्यांनी अजून कुणाचं दार वाजवलेलं नाही. आता सर अंथरुणाला खिळलेत. डॉक्टरांनी बाकीची औषधं थांबवून फक्त दुखणं कमी करणारी ठेवली आहेत, म्हणजे काय ते सगळ्यांनाच कळलंय. त्यामुळे वर मी एकटीच असते.

आज दुपारी आम्ही ऐकायला निवडलेला तारा (डिशला तो दिवसाही सापडतो) पश्चिमेला उतरायला लागला, डिश त्याच्यामागे कलली, आणि पडद्यावरच्या खरखरीतून बारीक ठोके वर आले. एक. थोडं थांबून दुसरा. सहा झाले की जरा मोठी विश्रांती. पुन्हा सहा. पुन्हा सहा. मग सात. मी खुर्चीत ताठ बसले. नियमाप्रमाणे डिश ताऱ्यावरून काढून उत्तरेकडे वळवली. ठोके गेले. परत ताऱ्यावर आणली, ठोके परत आले. खात्री होईपर्यंत हेच करत राहिले, तरी खात्री होईना.

घरी आले तर दादा आधीच आलेला. शनिवार-रविवारी तो स्कूटरवरून मला फाट्यापर्यंत सोडतो. तिथून तो खाली ग्राउंडकडे जातो, मी चढ चढते. आज त्याने पंचेचाळीस रन काढले होते आणि प्रत्येक रनाची हकिगत आईला ऐकवत होता. मी कागद बॅगेतून काढलेच नाहीत. सरांच्या आधी हे कुणाला सांगणं बरं दिसलं नसतं.

रविवार, ५ ऑक्टोबर

आजही ठोके आले. तसेच.

संध्याकाळी कागद घेऊन सरांकडे गेले. त्यांचा पलंग आता पुढच्या खोलीत खिडकीशी लावलाय. सरांच्या बायकोला आम्ही सगळे काकू म्हणतो. त्यांनी सरांच्या पाठीशी उशा लावल्या, चष्मा दिला. सरांनी कागद नाकाजवळ धरला आणि तसाच धरून राहिले. मला वाटलं झोप लागली.

मग म्हणाले, "सात किती वेळा आले?"

"अधूनमधून. एकदा आठसुद्धा आले, सर."

"सहा नुसते आले असते तर मी तुला घरी पाठवलं असतं. एखादा तारासुद्धा घड्याळासारखा ठोके देतो. पण मध्येच सात?" त्यांनी कागद छातीवर ठेवला. "यात कुणीतरी चुकतंय, आणि चुकल्यावर भरपाई करतंय. तारे चुकत नाहीत. जिवंत असतो तोच चुकतो."

काकू ताट घेऊन आल्या. सरांनी नको म्हटलं नाही. दोन घास जास्तच खाल्ले. काकू माझ्याकडे अशा बघत होत्या जशी काही मीच ते शिजवून आणलं होतं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

चार दिवस मी आपल्याच पृथ्वीवर संशय घेत हिंडते आहे. मोबाइलचे टॉवर तपासले, विमानांच्या वेळा काढल्या, वरून जाणारे उपग्रह पाहिले. विभागातला मायक्रोवेव्ह शनिवारी बंद ठेवायला सांगितला. कंट्रोल रूममधला फ्रिज मी स्वतः प्लगसकट काढला आणि कुणाचं तरी दूध नासलं. पश्चिमेला, जिकडे डिश कलते, तिकडे आहे काय? झाडं, पाण्याची टाकी, त्यापलीकडे दादाचं ग्राउंड. गवत आणि तीन काठ्या. तिकडून काय येणार?

एक गोष्ट इथेच लिहून ठेवते, कारण दुसरीकडे लिहायची हिंमत नाही. हा शोध खरा ठरला तर सरांचं नाव आधी येईल आणि माझं नंतर, पण सर किती दिवस आहेत? मग माझंच नाव उरेल. हा विचार माझ्या मनात आला. आला तसा गेला नाही, बसून राहिला. मला स्वतःची शिसारी आली.

शनिवार, ११ ऑक्टोबर

सकाळी दादा बॅटला तेल लावत बसला होता. तो एका कंपनीत लिफ्ट दुरुस्त करतो. आठवडाभर अंधाऱ्या खड्ड्यात उतरतो, म्हणून म्हणे त्याला दोन दिवस उघड्यावर उभं राहायचं असतं. बाहेरच्या खोलीत आमच्या दोघांच्या मध्ये फक्त कपाट आहे. त्याच्या किटबॅगेचा वास कपाट ओलांडून येतो. क्रिकेट या घरात हवेसारखं आहे आणि मी लहानपणापासून श्वास रोखून धरलाय.

"काय म्हणतायत तुझे पाहुणे?"

"कामात आहेत."

"आमच्या मॅचला पाठव त्यांना. नवा बोर्ड आलाय आमच्याकडे, लाल दिव्यांचा. लांबून दिसतो."

मी विचार करत होते, कुणी खरंच वरून बघत असेल तर त्याला क्रिकेट काय कळेल? तेरा माणसं गवतावर उभी. त्यांतल्या दोघांनाच अंगभर चिलखत, म्हणजे हे कैदी असावेत किंवा राजे. एक माणूस लांबून धावत येतो, काहीतरी फेकतो, पुष्कळदा काहीच होत नाही, तरी सगळे टाळ्या वाजवतात. दोघे पांढऱ्या टोपीवाले काहीच करत नाहीत, पण सगळे त्यांनाच विचारतात. मध्येच सगळे जेवायला निघून जातात. बघणारा बिचारा आपल्या घरी कळवेल: इथे बुद्धिमान जीव असल्याचा पुरावा नाही.

आणि उलटं? आमच्याकडे येणाऱ्या या ठोक्यांमागे काय असेल? कुणी प्रार्थना म्हणत असेल, नाहीतर कुणी पोरांना आकडे शिकवत असेल. आपल्याला फक्त ठोके ऐकू येणार. त्यांचं हसणं-रडणं तिकडेच राहणार.

दुपारी ठोके चालू असताना मध्येच एकदम बंद झाले. पाऊण तास शांतता. मी काही मोडलं का म्हणून सगळ्या वायरी तपासल्या. मग पुन्हा सुरू, आधीसारखेच.

रविवार, १२ ऑक्टोबर

सकाळपासून पाऊस. दादाची मॅच रद्द झाली, तो पांघरूण घेऊन लोळत पडला आणि ढगांना शिव्या घालत राहिला. मी छत्री घेऊन वर गेले. दिवसभर बसले. एकही ठोका नाही.

सर फोनवर म्हणाले, पावसाचं पाणी सिग्नल शोषून घेत असेल. मला हे ओढूनताणून वाटलं. आमच्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यात पावसाने एवढा फरक पडत नाही, हे मला त्यांनीच शिकवलंय. पण फोनवर त्यांना दम लागत होता. मी 'हो सर' म्हटलं.

रविवार, १९ ऑक्टोबर

पाऊण तासाच्या शांततेचं कोडं सरांनी सोडवलं. पाहुण्यांचा ग्रह ताऱ्याभोवती फिरताना कशाच्या तरी आड जात असेल, बहुतेक एखाद्या मोठ्या चंद्राच्या. काकूंकडून पेन्सिल मागून त्यांनी आकृती काढली. वर्तुळं वाकडी आली, पण डोळ्यांत इतकी चमक मी कधी पाहिली नव्हती. मी म्हटलं, तिन्ही दिवस शांतता जवळपास जेवायच्या वेळेलाच येते. ते म्हणाले, "त्यांचीही जेवायची वेळ असेल." आम्ही दोघं हसलो. सरांना हसताना खोकला आला आणि काकूंनी मला डोळ्यांनी दटावलं.

सरांनी ठरवलंय. सोमवार, ३ नोव्हेंबरला विभागाच्या सभागृहात ते स्वतः जाहीर करणार. खुर्चीत बसून का होईना. डॉक्टर नको म्हणाले. सर म्हणाले, नाहीतरी मी कुठे जपून ठेवायची वस्तू राहिलोय.

शनिवार, २५ ऑक्टोबर

दुसऱ्या देशातल्या एका वेधशाळेत सरांचे जुने मित्र आहेत. त्यांना गुपचूप कळवलं होतं, तुमची डिश या ताऱ्याकडे एकदा वळवून बघा. त्यांचं उत्तर आलं: बुधवारी सहा तास ऐकलं, काहीही नाही.

मी हे सरांना वाचून दाखवलं आणि खाली बघत राहिले.

"बुधवारी," सर म्हणाले. "आपल्याला सिग्नल कधी मिळतो?"

"शनिवारी-रविवारी. डिश तेव्हाच असते ना आपल्याकडे."

"मग बुधवारी बोलत नसतील ते."

त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. हाच माणूस वर्गात म्हणायचा की आपल्याला जे हवंय त्याचा पुरावा दुप्पट कडक तपासायचा. हे मी बोलले नाही. घरी येताना सारखं मनात घोळत राहिलं की मी बोलले नाही.

निघताना काकू दारापर्यंत आल्या. "तू येतेस त्या दिवशी जेवतात," त्या म्हणाल्या. "काल केस कापायला न्हाव्याला बोलवा म्हणाले. तीन तारखेसाठी. दोन महिन्यांत या माणसाने आरसा मागितला नव्हता. मला त्यातलं काही कळत नाही गं. ते वर कुणी आहे का नाही, असेल तर त्याला आपल्याशी काय करायचंय. पण तू येत राहा."

शनिवार, १ नोव्हेंबर

ठोके आले. चांगले, ठसठशीत. दोन-तीन ठिकाणी सहाच्या मध्येच मोठी थांबायची जागा आहे, मग पुन्हा सुरू. हे काय असावं कळत नाही.

दादाची उद्या फायनल. म्हणाला, "लहानपणापासून एक मॅच बघितली नाहीस माझी. उद्या ये. तुझे पाहुणे एक दिवस थांबतील." मी टाळणार होते, पण आई म्हणाली जा गं, आणि विभागातला ऑपरेटर म्हणाला की उद्या मी बसतो डिशवर, परवाची तयारी करा तुम्ही. तेव्हा जाते. डोक्याला तेवढीच विश्रांती.

रविवार, २ नोव्हेंबर

जे झालं ते क्रमाने लिहिते.

ग्राउंडवर सावली एकाच ठिकाणी होती, स्कोअररच्या टेबलाशी, तिथे जाऊन बसले. स्कोअरर म्हणजे जाड भिंगांचा एक म्हातारा, हातात टीव्हीच्या रिमोटसारखं काहीतरी. बोलर बॉल टाकायचा, म्हातारा बटण दाबायचा, समोर लांब सीमेपलीकडच्या बोर्डावर लाल आकडा बदलायचा. मला खेळात रस नव्हता. मी सवयीने बटणं मोजत होते. महिनाभर दुसरं केलंय काय मी? सहा. मग फिल्डर जागा बदलत होते, म्हातारा पाणी पीत होता. पुन्हा सहा. मग बोलरने एक बॉल फार बाहेर टाकला, अंपायरने दोन्ही हात पसरले, आणि त्या ओव्हरला म्हाताऱ्याने सात वेळा बटण दाबलं.

माझे कान वाजायला लागले.

"काका, हा बोर्ड कधी लावला?"

"याच सीझनला की. आधी पाट्या होत्या, पोरं हाताने बदलायची. आता बघ, वायरसुद्धा नाही. इथून दाबलं की तिथं लागतं."

मी मान वर केली. झाडांच्या डोक्यावरून टेकडी दिसत होती आणि टेकडीवर आमची डिश. ऑपरेटरने ती ताऱ्यामागे कललेली ठेवली होती. तिचं तोंड थेट माझ्याकडे होतं.

स्वस्तातलं यंत्र असणार, आपला पट्टा सोडून आजूबाजूला सांडत असणार. डिश पश्चिमेला कलली की ग्राउंड तिच्या टप्प्यात येतं. उत्तरेला वळवली की सुटतं. मी एकदाही दुसऱ्या बाजूला, दक्षिणेला वळवून बघितली नाही; ठोके तिथेही आले असते तर ते ताऱ्याचे नाहीत हे तेव्हाच कळलं असतं. पाऊस पडला की मॅच नाही. पाऊण तासाची शांतता म्हणजे इनिंग संपल्यावरचं जेवण. मध्येच मोठी थांबायची जागा म्हणजे कुणीतरी आउट होऊन चालत गेलंय आणि दुसरा पॅड बांधत येतोय. बुधवारी ते बोलत नाहीत, कारण बुधवारी दादा लिफ्टच्या खड्ड्यात असतो. सगळं डोळ्यांसमोर होतं आणि मी फ्रिजचा प्लग काढत होते.

दादा पॅड बांधून आत जात होता. त्याने वळून मी आहे का ते बघितलं, बॅट जराशी वर केली. मी उठले आणि सरळ सरांच्या घरी गेले. त्याची बॅटिंग बघितली नाही.

दार काकूंनी उघडलं. मी त्यांनाच आधी सांगितलं, कारण तोंडून निघून गेलं. त्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. आत न्हावी येऊन गेला होता, जमिनीवर पांढऱ्या केसांचे पुंजके अजून झाडलेले नव्हते.

"उद्याचा दिवस जाऊ दे," त्या हळू म्हणाल्या. "परवा सांग. नाहीतर नकोच सांगूस. त्यांना किती दिवस आहेत ते तुला माहीत आहे. एवढं कर माझ्यासाठी."

मी त्यांना नाही म्हणू शकत नव्हते आणि हो तर मुळीच म्हणू शकत नव्हते. उद्या जाहीर केलं की आठवड्याभरात कुणीतरी शोधून काढणार. जगभर हसतील. सर तेव्हा असतील, नसतील. असले तर हे ऐकून जातील, नसले तर उत्तर द्यायलाही नसतील. आणि त्यांचं चाळीस वर्षांचं खरं काम कुणी वाचणार नाही, फक्त हा विनोद सांगत बसतील. मी म्हटलं, "काकू, मला जमणार नाही." त्या बाजूला झाल्या. अडवलं नाही त्यांनी.

सरांना सगळं सांगितलं. ते छताकडे बघत ऐकत होते.

मग म्हणाले, "तू ग्राउंडवर कशाला गेलीस?"

मला वाटलं होतं शाबासकी देतील, रडतील, काहीतरी. हे वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "दादाची मॅच होती."

"इतके दिवस नव्हतीस जात. आजच कशाला गेलीस?" आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. उद्याचं काय, ते मी विचारलं. त्यांनी चादर खांद्यापर्यंत ओढली. काकूंनी झाकून ठेवलेलं ताट उचललं आणि आत नेलं.

घरी आले. दादाची टीम हरली. कपाटाच्या दोन बाजूंना दोघं पडून होतो.

सोमवार, ३ नोव्हेंबर

सकाळी काकूंचा फोन आला, एवढंच म्हणाल्या, "ते येतायत." पुढे मी विचारायच्या आत ठेवला.

सभागृह भरलं होतं. कुणाकडून तरी कुजबुज झाली असावी, बाहेरची माणसंही दिसत होती. दोन शिपायांनी सरांना चाकाच्या खुर्चीसकट उचलून मंचावर ठेवलं. नवे कापलेले केस, सैल झालेला कोट. मी पहिल्या रांगेत बसले होते. काकू माझ्या शेजारी बसल्या नाहीत, पलीकडे बसल्या. सर काय बोलणार ते मला माहीत नव्हतं. ते खोटं बोलले तर मी उठणार का, हेही माहीत नव्हतं. मी पेनाचं टोपण उघडत आणि लावत होते.

सरांनी माइक जवळ ओढून घेतला. "आम्हाला सिग्नल मिळाला आहे," ते म्हणाले. "तो बुद्धिमान जीवांनी पाठवलेला आहे, याबद्दल शंका नाही."

सभागृहातली खुसफुस थांबली. मी उठायला हवं होतं, उठले नाही.

सरांनी दम घेतला. "ते इथून दोन किलोमीटरवर राहतात आणि शनिवारी-रविवारी क्रिकेट खेळतात."

हसण्याची लाट आली आणि लगेच विरली, कारण सर हसत नव्हते. मग अर्धा तास त्यांनी चूक समजावून सांगितली. डिश एकाच बाजूला वळवून का बघायची नाही. आपल्याला डिश मिळते ते दिवस आणि जगाला सुट्टी असते ते दिवस एकच असले तर काय होतं. मित्राचं 'काही नाही' असं उत्तर आलं तेव्हा आपण कुठलं कारण पुढे केलं. एकेक ठिकाण दाखवलं जिथे थांबायला हवं होतं, आणि प्रत्येक ठिकाणी 'मी थांबलो नाही' असं म्हटलं. 'आम्ही' म्हटलं नाही. चूक मी पकडली, हे मात्र माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं.

शेवटी एका मुलाने विचारलं, सर, वाईट वाटलं का?

"मी म्हणणार होतो की ऐकू आलं हेच महत्त्वाचं, कोण होते याने फरक पडत नाही," सर म्हणाले. "पण पडतो. फार पडतो. मला ते हवे होते." आणि माइक बाजूला केला.

खाली आणल्यावर त्यांनी माझा हात धरला. काकूंनी त्यांच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळला आणि मग, माझ्याकडे न बघता, माझ्या ओढणीचं टोक खुर्चीच्या चाकात जात होतं ते सोडवून दिलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सरांनी निरोप पाठवून बोलावलं. रविवारचं रेकॉर्डिंग घेऊन ये म्हणाले.

"मला क्रिकेट येत नाही. तुला येतं का?"

"घरात ऐकून ऐकून थोडं येतं."

"मग वाचून दाखव."

आम्ही दुपारभर ते वाचत बसलो. लांबी नीट मोजली तर ठोके सारखे नाहीत हे आधीच दिसलं होतं, पण त्याचा अर्थ लावायचं आम्हाला सुचलं नव्हतं. आखूड ठोका म्हणजे रन नाही. जरा लांब म्हणजे एक, त्याहून लांब चार. दादाची बॅटिंग कुठे सुरू होते ते मी शोधून काढलं. आखूड, आखूड, एक. मग चार. सर प्रत्येक ठोक्यावर बोट ठेवत होते. पुन्हा चार आला तेव्हा ते म्हणाले, "हा तुझा भाऊ?" मी हो म्हटलं. समोरच्या बाजूला दुसराही बॅट्समन असतो हे सांगत बसले नाही. असतील त्यातले थोडे त्याचे.

सात ठोके आले तिथे त्यांनी विचारलं, "हे काय होतं?"

"वाइड. बॉल फार बाहेर गेला की तो मोजत नाहीत. पुन्हा टाकायचा."

"चुकलं तर पुन्हा टाकायला देतात?"

"हो."

"बरं आहे," ते म्हणाले.

मग मोठी थांबायची जागा आली. दादा तिथे आउट झाला असावा. मी ठोक्यांवरून बोट काढलं नाही. मैदानावर बसून जे बघायला हवं होतं ते मी इथे पलंगाच्या कडेला बसून कागदावर बघत होते. घरी आल्यावर दादाला सगळं सांगितलं, सरांबद्दलही, त्या ठोक्यांबद्दलही. मग म्हणाला, "त्यातला एकच चौका माझा होता." तेवढंच.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सर आज पहाटे गेले. काकूंनी सगळ्यांत आधी मला कळवलं. मी गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "शेवटचे आठ दिवस जेवले नाहीत गं." दोष देत नव्हत्या. नुसतं सांगत होत्या. मी बरोबर केलं असं सगळे म्हणतात. काकू म्हणत नाहीत.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आज डिश आमच्या वाट्याला होती. आमच्या म्हणजे आता माझ्या.

फाट्यावर दादाने स्कूटर थांबवली. "आज आम्ही बोर्ड बंद ठेवणार आहोत," म्हणाला. "कॅप्टनशी बोललो, समोरच्या टीमशीही. स्कोअररकाकांनी जुन्या पाट्या शोधून काढल्यात. ज्यांची बॅटिंग नसेल ते आळीपाळीने पाट्या बदलणार. तू ऐक सावकाश."

"रोज थोडंच करणार तुम्ही?"

"रोज कुठे मॅच असते? शनिवार-रविवारच तर असते." आणि तो उतारावरून निघून गेला.

दुपारी तारा पश्चिमेला उतरला, डिश त्याच्यामागे कलली. मी खिडकीपाशी उभी राहून बघितलं. झाडांपलीकडे बोर्डावर एकही लाल दिवा नव्हता. कुणीतरी पांढऱ्या कपड्यांतला माणूस हात उंच करून पाटी अडकवत होता, एवढं लांबून दिसलं. दादा होता की दुसरा कुणी, कळलं नाही.

मग खुर्चीत बसले आणि पडदा बघितला. पट्टा स्वच्छ होता. पावसाचा तो रविवार सोडला तर पूर्ण सीझनमध्ये पहिल्यांदा इतका स्वच्छ. सरांना हवं होतं तसं, चाळीस वर्षं हवं होतं तसं शांत. मी नियमाप्रमाणे डिश उत्तरेला वळवली, मग दक्षिणेला, मग परत ताऱ्यावर आणली. कुठेच काही नव्हतं.

मी कान लावून बसले होते, आणि खरं लिहायचं तर मी पाहुण्यांची वाट बघत नव्हते. ते सहा ठोके पुन्हा ऐकू यावेत एवढंच मला वाटत होतं.